सात नंबरच्या कॅसेटमधल्या मुंग्या

ड्राइव्हने सात नंबरची कॅसेट तिसऱ्यांदा बाहेर टाकली, तेव्हा चावला सर माझ्या मागेच उभे होते. ते आमच्या गटाचे प्रमुख. राग आला की चष्मा पुसायचे. त्यांनी रुमाल काढला.

"वसुधा, ये क्या हो रहा है?"

"सर, शुरुआत ही नहीं पढ़ रहा।"

"सिर्फ इसी की?"

फक्त हिचीच. बाकीच्या सहा सुरळीत वाचून झाल्या होत्या, आणि आमचं सगळं घोडं सातवीवर अडलं होतं.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. मी दिल्लीतल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि आमचा गट परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगात सामील होता. तिथे कणांची टक्कर व्हायची आणि तिच्या नोंदी आठ मिलिमीटरच्या छोट्या कॅसेटवर भरून आमच्याकडे यायच्या. त्या काळी लोक फॉरेनहून जे व्हिडिओ कॅमेरे आणायचे, त्यांत बसायची तीच ही कॅसेट.

आम्ही शोधत होतो एका कणाची उत्तेजित अवस्था. तीन क्वार्क मिळून एक कण होतो. त्याला जास्तीची ऊर्जा मिळाली की तेच तिघं जरा वेगळ्या तऱ्हेने नांदू लागतात. कुटुंब तेच, वजन वाढलेलं. हे फार टिकत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी कण ती ऊर्जा टाकून मूळपदावर येतो. पण अशा अवस्थांची वजनं कळली, की त्या तिघांना बांधून ठेवणारं बल कसं आहे ते कळतं. सतारीच्या तारेचे सूर ऐकून तार किती ताणली आहे ते ओळखावं, तसं.

असा कण थेट दिसत नाही, त्याचे तुकडे दिसतात. तुकड्यांवरून वजन काढायचं, हजारो वेळा काढायचं आणि आलेख मांडायचा. एका ठरावीक वजनापाशी उंचवटा आला, तर कण सापडला. पण उंचवटे फसवे असतात. ही नोंद घे, ती सोड, असं करता करता आपल्याला हवा तो उंचवटा आपणच उभा करतो आणि आपल्यालाच ते कळत नाही. म्हणून चावला सरांचा नियम होता: काय घ्यायचं नि काय सोडायचं ते सहा कॅसेटवर ठरवा. सातवीला हात लावायचा नाही. ती परीक्षेची प्रश्नपत्रिका.

सहांवर सुरेख उंचवटा आला होता. सातवीवर त्याच जागी आला, तर खरा. प्रयोगाच्या परदेशातल्या प्रमुखांनी दहा दिवसांची मुदत दिली होती, नाहीतर काम दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. माझी तीन वर्षं त्या उंचवट्यात गेली होती.

"ये टेप रखा कहाँ था?" सरांनी विचारलं.

माझ्या घरी. मे महिन्यात डिपार्टमेंटचा एसी बंद पडला, म्हणून कॅसेटचा डबा मी आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नेला होता. तिथे बेडरूमला नवाकोरा एसी होता. आणि शनिवारी आमच्या गुडगावच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली होती, जिचं शूटिंग करायला माझा दीर बंड्या कॅमेरा घेऊन आला होता. मी अविनाशला, म्हणजे नवऱ्याला, त्याच्या मंत्रालयात फोन लावला.

"अविनाश, वास्तुशांतीचं शूटिंग कोणत्या कॅसेटवर केलंत?"

"बंड्याने एकच आणली होती यार. ती होमापर्यंतसुद्धा पुरली नसती. म्हणून तुझ्या डब्यातली एक रिकामी घेतली."

"रिकामी?"

"बिल्कुल रिकामी. अशीच नाही उचलली हां! टीव्हीला लावून पाहिली. नुसत्या मुंग्या."

त्या मुंग्या म्हणजे माझा डेटा होता.

"आणि मग ती परत डब्यात कशी आली?"

"व्हीएचएसवर उतरवून आईला सांगलीला पाठवली आणि तुझी वस्तू तुला परत ठेवली. थँक्यू तर म्हण!"

मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "अगं, पण त्या कॅसेटला मागे खटका असतो ना? तो सरकवला की वर काही रेकॉर्ड होत नाही. तू का नाही सरकवलास?"

पहिल्या सहांचे खटके मी स्वतः सरकवले होते. सातवीला हात लावायचा नाही असा नियम असल्यामुळे तिचा खटका कोणीच सरकवला नव्हता. मी फोन ठेवला.

सरांना मी एवढंच सांगितलं, की नवऱ्याने चुकून अर्धा तास काहीतरी रेकॉर्ड केलंय. दुसरी प्रत मागवायची तर कस्टममधून सुटून यायला महिना गेला असता. अर्ध्या तासापुढचा डेटा शाबूत होता, पण ड्राइव्ह तिथवर जातच नव्हता. त्याला सुरुवातीला ओळखीची खूण लागते, आणि तिथे आता गुरुजी बसले होते.

शेवटी आम्ही मुनिरक्याच्या गल्लीत गेलो. तिथे किशनलाल नावाचे गृहस्थ लग्नांचं शूटिंग करायचे आणि गुंतलेल्या कॅसेट सोडवून द्यायचे. त्यांनी सातवी आपल्या मशीनला लावली. पडद्यावर मी आले. पैठणी, नथ, हातात कलश. कोपऱ्यात शनिवारची तारीख.

शनिवारी मी सरांना ताप आल्याचं सांगून रजा घेतली होती.

सरांनी पुढे वाकून तारीख वाचली. मग म्हणाले, "बुखार काफ़ी तेज़ लग रहा है।"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. किशनलालजींनी टेप पुढे पळवली. होम झाला, पंगत बसली.

"ये पीला-पीला क्या है?" सर.

"श्रीखंड, सर।"

"हमें तो बुलाया भी नहीं।"

तेवढ्यात पडद्यावर खरखर सुरू झाली. "लो मैडम," किशनलालजी म्हणाले, "यहाँ से आपकी चींटियाँ शुरू।"

नेमकं तिथे त्यांनी ब्लेडने टेप कापली आणि आम्ही नेलेल्या दुसऱ्या कॅसेटची खूण असलेली सुरुवात तिला जोडली. जोड इतका सफाईदार, की बोटाला लागेना. तरी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी मी तो दोनदा तपासला. डिपार्टमेंटमध्ये ड्राइव्ह तो एकच, आणि जोड आत अडकला असता तर तोही गेला असता.

जोड सुखरूप पार झाला. ड्राइव्ह वाचू लागला. संध्याकाळी आलेख छापून निघाला, आणि त्याच जागी उंचवटा होता. अर्ध्या तासाच्या नोंदी गेल्यामुळे थोडा ठेंगणा, पण जागेवरून तसूभरही न हललेला. मला रडू फुटलं. सरांनी पुन्हा चष्मा पुसला, पण या वेळी कारण वेगळं होतं.

निकालासोबत एक फॉर्म भरायचा होता. गहाळ नोंदी किती, आणि का.

"लिख दो, ट्रांज़िट डैमेज। सब यही लिखते हैं," सर म्हणाले.

"सर, परीक्षा का पर्चा है। उसमें झूठ कैसे लिखूँ?"

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं: पतीने रिकामी समजून दिलेल्या या कॅसेटवर गृहप्रवेशाच्या धार्मिक विधीचं चित्रण.

चार दिवसांनी प्रमुखांची ईमेल आली. उंचवटा मंजूर. खाली आणखी एक ओळ होती: ज्या गटांनी 'ट्रांझिट डॅमेज' लिहिलं आहे, त्यांनी कृपया पुन्हा एकदा आठवून पाहावं. आठवड्याभरात दोन गटांना आठवलं. एकाच्या टेपवर मुलीचं पहिलं पाऊल निघालं, दुसऱ्याच्या टेपवर फुटबॉलचा सामना. पुढे सातवीची पूर्ण प्रत आली, ती वाचली, आणि गेलेल्या अर्ध्या तासातही आमचा कण हजर होता. शोध छापून आला.

मला मात्र विद्यापीठाने लेखी खुलासा मागितला. वस्तुस्थिती कागदावर आली की कार्यालयाला तिची दखल घ्यावीच लागते, आणि ती कागदावर आमच्या गटानेच आणली होती. परदेशातल्या त्या दोन गटांना कोणी काही विचारल्याचं मी ऐकलं नाही.

खुलासा अविनाशने लिहून दिला. मंत्रालयात त्याचं रोजचं कामच ते. दोन पानी, सुबक, मुद्देसूद. विद्यापीठातल्या साहेबांचं पूर्ण समाधान झालं. मी कार्बन कॉपी घरी आणून नीट वाचली, तेव्हा लक्षात आलं की दोन पानांत 'पती' हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि माझं नाव नऊ वेळा आलं आहे.