भिंतीची भोकं

कळंबला आमचा उसाचा मळा नीरेच्या उतारावर आहे. दर पावसाळ्यात काठ ढासळतो आणि मळा थोडा आखडतो. म्हणून उताराला दगडी भिंत घातली. आत मुरलेल्या पाण्यानं ती ढकलली जाऊ नये म्हणून गवंड्यानं तिच्यात भोकं ठेवली होती.

कालव्याच्या पाण्याची आमची पाळी आली, ऊस भिजवला आणि भोकांतून पाणी गळायला लागलं. वडिलांना ते बघवेना. आमच्याकडे पाळीचं पाणी वाया घालवणं म्हणजे पाप! त्यांनी सगळी भोकं सिमेंटनं बुजवली. पुढच्याच पाळीला भिंतीला पोट आलं आणि ती दोन सऱ्या उसासकट नदीत गेली.

वडील गेल्यावर मी पुन्हा भिंत बांधली. भोकांना हात लावायचा नाही, असं घरात ओरडून सांगितलं. परवा पाळीनंतर खाली गेलो, तर प्रत्येक भोकात जुन्या साडीचा बोळा.

बायको म्हणाली, "पाणी नदीत चाललं हुतं. नुसतं बघत बसायचं व्हय?"

मी चिडून सगळे बोळे उपसून फेकले. दुपारी ती ते गोळा करून, पुढच्या पाळीसाठी धुऊन वाळत घालत होती.