कोरड्या टाकीतलं गाणं

आमच्या बँडची गाणी किती, असं कुणी विचारलं की इम्रान लगेच विषय बदलतो. किस्से किती विचारलं, तर मात्र खुर्ची ओढून बसतो! तसं सगळीकडंच असतं म्हणा. दोन-चार माणसं एका जागी घाम गाळायला लागली की काम होवो न होवो, किस्से होतातच. पातेल्याच्या तळाला खरवड धरते तसे ते धरत जातात, आणि खरं सांगू का, खरवडच जास्त चविष्ट लागते.

आम्ही तिघं. सुवी, म्हणजे सुवर्णा, गाणी लिहिते आणि गाते. इम्रान गिटार वाजवतो, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करतो आणि एरवी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी संतोष. शेंद्र्याला एका कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात एका लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं वाजवतो. काहोन म्हणतात त्याला. सुवीच्या आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "बसायला दिलं तर बडवायलाच लागला की ह्यो!"

तिघंही पडेगावचे. वस्ती नवी, प्लॉट पाडलेले, रस्ते फक्त नकाशात. वर्षं दुष्काळाची होती. शहर आमच्या दिशेनं सरकत होतं, सकाळी उठावं तर समोर एक नवी बिल्डिंग. पाणी तेवढं सरकायचं नाव घेत नव्हतं!

*

वस्तीच्या टोकाला एक सिमेंटची टाकी होती. खोलीएवढी मोठी, अर्धी जमिनीत, अर्धी वर. माथ्यावर चौकोनी तोंड आणि आत उतरायला लोखंडी शिडी. पाइपलाइन येणार म्हणून टाकी आधीच बांधून ठेवलेली. लग्न ठरायच्या आधी पाळणा आणून ठेवावा, तसला प्रकार! पाण्याचा थेंब काही त्यात पडला नाही.

पडलं ते कोकरू. सुवीचे वडील आण्णा मेंढरं राखायचे, दौलताबादकडच्या डोंगराला घेऊन जायचे. चारा नाही म्हणून त्या वर्षी त्यांनी निम्मी मेंढरं विकली होती, त्यामुळे उरलेल्या कोकरांना ते जावयासारखं जपायचे. त्यातलंच एक टाकीवर चढलं आणि आत गेलं. खाली वाऱ्यानं साचलेला पाचोळा होता म्हणून लागलं नाही. सुवी शिडीनं उतरली. अंधारात घाबरलेलं कोकरू जवळ यावं म्हणून तिनं मेंढपाळ माणसं घशातल्या घशात घालतात तशी हळू साद घातली.

ती साद टाकीभर फिरली आणि भिंतींना घासत वर आली. वर इम्रान उभा होता. तो ओरडला, "सुवी, बाहर मत आ! फिरसे बुला उसकू!"

"अरे, सापडलंय कोकरू!"

"कोकरू छोड! तू बुला!"

त्या दिवशी आम्हाला स्टुडिओ मिळाला. कोकरू बिचारं तासभर आतच. आण्णा शिडीवरून वाकून विचारत होते, "गाणं ऱ्हाऊ द्या, ह्याला तरी घरी यिऊ देता का?"

*

सुवीचा आवाज लहान आहे. कानाजवळ येऊन काहीतरी सांगावं तशी ती गाते. तिच्या आईचं, जनाकाकूंचं, बरोबर उलटं. त्यांनी डोंगराच्या या अंगाला ओवी धरली की त्या अंगाची मेंढरं माना वर करतात. त्यांच्या हिशेबानं जे वाऱ्यावर जात नाही ते गाणंच नाही.

लेक टाकीत गाते हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, तशाच घरी गेल्या आणि अडुळशाचा काढा घेऊन आल्या. "पोरीचा घसा बसलाय! कवाधरनं बसलाय, आन् तुम्ही मला सांगितलं नाय?"

"काकू, ती गायलीय."

"मला नको शिकवू. गाणं काय असतंय ते मला म्हाईत हाय."

पुढं प्रत्येक कार्यक्रमाला तो काढा थर्मासमधून यायला लागला. आईनं दिलाय म्हणून सुवी दोन गाण्यांच्या मध्ये डोळे मिटून, तोंड वाकडं करून एकेक घोट घ्यायची. एका कार्यक्रमानंतर कॉलेजची एक पोरगी माझ्याजवळ आली आणि अदबीनं म्हणाली, "मॅम कुठली कॉफी घेतात? पिताना किती फील होतं त्यांना!"

*

पहिला कार्यक्रम सिडकोतल्या एका नव्या कॅफेत. मालकाला जुनी हिंदी गाणी हवी होती. सुवी म्हणाली, "मी माझीच म्हणते." मालक नवा होता, हो म्हणाला.

त्या दिवशी एका आजोबांची पंच्याहत्तरी निघाली. मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, वाढदिवसाचं काहीतरी म्हणा ना." सुवीनं तिथल्या तिथं चार ओळी जुळवल्या आणि म्हटल्या. पण म्हटल्या तिच्या पद्धतीनं! संथ, हळू, मध्ये मध्ये थांबत. अख्खं टेबल गप्प. केकची सुरी हातात धरून आजोबा रडायला लागले. सून रडली. पाण्याचे ग्लास घेऊन आलेला वेटर तिथंच उभा राहिला.

मुलगा तरातरा माझ्याकडं आला. "ओ भाऊ, बड्डेला बोलावलंय तुम्हाला, दहाव्याला नाही!"

आम्ही गपचूप सामान आवरलं. वाटलं, संपलं आपलं करिअर. पण पुढच्या आठवड्यात आजोबा एकटेच कॅफेत आले, कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि वेटरला म्हणाले, "आज कुणाचा बड्डे नाही. तरी त्या पोरीला म्हणायला सांगा."

*

मग पुण्याहून निरोप आला. टाकीतल्या एका गाण्याचा तुकडा इम्राननं मोबाईलवर घेऊन इंटरनेटवर टाकला होता. तो एका संगीत महोत्सवाच्या लोकांनी ऐकला. त्यांनी कळवलं की पूर्ण गाणं नीट रेकॉर्ड करून पाठवा, पण ही घुमणारी जागा तीच हवी. आवडलं तर तुम्हाला स्टेज.

आम्ही दोघं नाचलो. सुवी नाचली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "संत्या, हे नाही जमलं तर मी शेंद्र्याला पॅकिंगला लागणार. आईनं बोलणी करून ठेवलीत. आणि एकदा लागले की मग कसलं गाणं रे!" शिफ्ट करून आल्यावर अंगात किती गाणं उरतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

जनाकाकूंना पुण्याचं सांगितलं तर त्यांची अडचण वेगळीच. "पुण्याला लई गर्दी असंल. तिथं हिचं कुणाला ऐकू जायचं?"

*

आता रेकॉर्डिंग म्हणजे काय, आत बसायचं आणि गायचं, असं वाटेल. पण टाकीत बाहेरचा प्रत्येक आवाज दुप्पट होऊन यायचा! एकदा गाणं अगदी रंगात आलं आणि शेजारच्या प्लॉटवर काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला. एकदा बोअरची गाडी आली. ती गाडी दिवसभर जमीन भोकत राहिली आणि वर आली नुसती धूळ. एकदा सगळं शांत, सगळं छान, आणि शेवटच्या ओळीला मी शिंकलो. टाकीत शिंक! इम्राननं ती मला हेडफोनवर पुन्हा पुन्हा ऐकवली. "सुन. तेरी शिंक का रिव्हर्ब सुन, कित्ता घुमती!"

तेव्हापासून माझा ताल आधी रेकॉर्ड करून घ्यायचा आणि गाण्याच्या वेळी मला वर टाकीच्या तोंडाशी राखणीला बसवायचं, असं ठरलं.

*

त्यातच आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी टाकीजवळ एका रांगेत नळ बसवले आणि उद्घाटन ठेवलं. फीत कापली. नळ सोडला. काही आलं नाही. रिवाजाप्रमाणं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुवीला स्वागतगीत म्हणायला उभं केलं. स्वागतगीत तिला येत नव्हतं, तिनं आपलंच म्हटलं: "नळाला कान लावून बसले मी, आतून माझंच नाव आलं." आता हे गाणं एकटेपणाचं. पण पुढाऱ्यांनी त्यातला नळ तेवढा ऐकला आणि माइक घेतला. "आपल्या नळयोजनेवर इतकं सुंदर गाणं केल्याबद्दल ताईंचे आभार! आणि गोड बातमी अशी की येत्या सोमवारपासून टँकर याच टाकीत रिकामे होणार!"

वस्तीनं जल्लोष केला. आम्ही तिघं दारातून मढं गेल्यासारखे उभे. एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "पानी यायलंय की रं! तोंडं कामून पाडली?"

काय सांगणार? बाया उन्हातान्हात हंडे घेऊन फिरत होत्या, माझी आईसुद्धा. त्या सगळ्यांना पाणी मिळणार आणि आम्हाला वाईट वाटतंय, हे कुठल्या तोंडानं बोलायचं? लाज वाटली. आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

दुसरी जागा शोधायला आम्ही एका नव्या बिल्डिंगचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो, गिऱ्हाईक बनून. रिकाम्या खोल्या घुमतात ना! एजंट उत्साही होता. "तिघं भाऊबहीण का?" इम्रान म्हणाला, "हौ, एकाच घरचे." सुवी सरळ बाथरूममध्ये शिरली आणि दार लावून सूर लावायला लागली. एजंट मला हळूच म्हणाला, "मॅडमना बरं वाटत नाहीये का?"

सुवी बाहेर आली. "टाइल्सचा आवाज आहे. दवाखान्यासारखा."

एजंटला वाटलं, सौदा फिसकटतोय. तो घाईघाईनं म्हणाला, "पण चोवीस तास पाणी आहे मॅडम!" आणि त्यानं बेसिनचा नळ सोडला. नळ खोकला, घरघरला, एक लांब शीळ घातली आणि गप्प झाला. एजंटचा चेहरा पडला. इम्राननं मात्र मोबाईल काढला होता. "भाई, फिरसे खोलो!"

"सर, उद्या नक्की येतंय पाणी..."

"पानी नक्को! येच आवाज होना!"

आमच्या गाण्याच्या सुरुवातीला ती शीळ आहे. एजंट आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला नाही.

*

शेवटी सोमवार उजाडला. टँकर दुपारनंतर येणार असं ऐकलं होतं, आणि त्या वर्षी टँकर वेळेच्या आधी आला असं कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून सकाळीच सुवी आणि इम्रान आत उतरले. मी वर, टाकीच्या तोंडाशी. गाण्याचा पहिला अर्धा भाग असा झाला की माझ्या अंगावर काटा आला.

आणि टँकर आला! धडधडत, हॉर्न मारत. मागून सगळी वस्ती, हंडे, कळशा, ड्रम. आमच्या वस्तीतली पाण्याची रांग म्हणजे काय असते ते ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. ड्रायव्हरनं जाडजूड पाइप उचलला आणि टाकीवर चढायला लागला. मी हात जोडले, काय बोललो मला आठवत नाही. त्यानं मला बाजूला केलं.

रांगेत पहिल्या होत्या जनाकाकू. पहाटेपासून नळापाशी नंबर लावून बसलेल्या. त्यांनी दोन्ही हंडे खाली ठेवले, पदर खोचला, वर चढल्या आणि टाकीच्या तोंडाशी, पाइपच्या समोर, मांडी घालून बसल्या.

"मावशी, उठा. पाणी सोडायचंय."

"आत पोरगी हाय माझी."

"मग काढा की बाहेर!"

"निघंल तिची ती. आधी ती गाडी बंद कर."

"मावशी, मला अजून चार खेपा आहेत!"

जनाकाकूंनी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्या रांगेकडं वळल्या आणि एकच हात वर केला. डोंगरापलीकडं आवाज पोचवणारी बाई, पण एक शब्द बोलली नाही. मी पडेगावात जन्मलो, पण पाण्याची रांग गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कुणी हंडासुद्धा हलवला नाही. ड्रायव्हरनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि खाली जाऊन इंजिन बंद केलं.

मग आतून सुवी ऐकू यायला लागली. तशीच, लहान, कानाजवळ बोलल्यासारखी. रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत जात होती. शेवटची ओळ झाली, टाकीत फिरत राहिली आणि थांबली. इम्राननं खालून अंगठा वर केला. माझे डोळे भरून आले होते, लपवायला जागा नव्हती. ड्रायव्हर पाइप घेऊन पुन्हा वर आला.

जनाकाकू उठल्या नाहीत. त्यांनी टाकीच्या तोंडातून आत डोकं घातलं आणि म्हणाल्या, "सुवे, पुन्यांदा म्हन. पहिल्यापासनं. मधी टँकर वाजला."

ड्रायव्हरनं पाइप खाली ठेवला आणि तोही तिथंच बसला.