मातीवर चांगला, मॅटवर नाही

किस्से जमवावे लागत नाहीत, धुण्यासारखे आपोआप साठतात. आज सगळे वाळत घालून निश्चिंत व्हावं, तर उद्या बादली भरलेलीच. मी लग्न होऊन कसबा पेठेतल्या या फ्लॅटमध्ये आले त्याला अजून वर्षही झालं नाही, आणि आत्ताच बादली उतू चालली आहे. मी फार बोलत नाही, असं सगळे म्हणतात. बरोबर आहे. न बोलणाऱ्याकडे जास्त साठतात.

मंडळी चारच. सासरे, म्हणजे बाबा. ते कॉलेजात कबड्डी खेळायचे आणि त्याची आठवण म्हणून डावा गुडघा अजून वाजतो. सासूबाई, म्हणजे आई. नवरा ओंकार, बाबांच्याच कॉलेजात शिकलेला. आणि नंदूकाका, बाबांचे त्या वेळचे टीममधले जोडीदार, जे राहायला बुधवार पेठेत आहेत आणि असतात आमच्याकडे. कॉलेजची टीम आणि लीगमधली पुण्याची टीम, दोन्ही यांच्या. घरात देव्हारा आहे, पण गर्दी टीव्हीपुढे.

*

पुण्याची मंडळी मला बघायला आमच्या अकोल्याच्या घरी आली होती. आईंनी शिक्षण विचारलं, ओंकारने नोकरीचं विचारलं. बाबा पोहे संपेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "कबड्डी बघता का?"

"बघते."

"टीम कोणती?"

"आमच्या भागाची टीमच नाही लीगमध्ये. मी नुसती बघते."

बाबांनी बशी खाली ठेवली आणि अनाथ मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. माझे आईवडील शेजारीच बसले होते.

"असू दे," बाबा म्हणाले. "आता मिळेल."

*

लग्न पुण्यात झालं. तारीख ठरली आणि मग कळलं की आंतरमहाविद्यालयीन फायनलही त्याच सकाळी. कॉलेजची टीम त्यात पोचलेली. बाबांनी गुरुजींना विचारलं, "थोडा पुढचा मुहूर्त नाही का निघणार?"

गुरुजी म्हणाले, "फायनल पुढे ढकलतात का विचारून बघा. मग मी पंचांग उघडतो."

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे ओंकार. तो सारखी मान उंच करत होता. मला वाटलं, बरं आहे, इतकी ओढ आहे.

नंतर अल्बम आला. त्या फोटोत माझ्या मागे सगळे उभे आहेत, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. फक्त नंदूकाकांचा हात डोक्याच्या वर, आणि तीन बोटं उभी.

"हे काय?" मी ओंकारला विचारलं.

"तीनने मागे होतो," तो म्हणाला. चेहरा अजूनही पडलेला.

शेवटच्या अष्टकापर्यंत हरलेच.

*

आमच्या घरी कोणीही अंधश्रद्धाळू नाही. बाबा या बाबतीत फार कडक आहेत. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम दोन पावलं पुढे जातात. मॅचच्या दिवशी जे असतं, त्याला आमच्याकडे 'सवय' म्हणतात.

सवय अशी, की बाबांनी खुर्चीत डाव्या पायावर उजवा टाकला की मॅच संपेपर्यंत तो काढायचा नाही. ओंकारने दारातच उभं राहायचं. तो एकदा कुरिअर घ्यायला उठला आणि आपल्या रेडरने एका चढाईत तिघं टिपली, तेव्हापासून त्याला बसायला बंदी आहे. आणि आईंनी मेथी निवडायची. कधीतरी त्या मेथी निवडत असताना टीम हरता हरता जिंकली होती. त्यामुळे सीझन सुरू झाला की आमच्याकडे मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथी घातलेलं वरण.

ओंकारला मेथी आवडत नाही. मी म्हटलं, "मग खातोस कशाला?"

"टीमसाठी," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

*

लीग सुरू झाली आणि टीम हरायला लागली. पहिली मॅच हरली, तेव्हा रेफरी वाईट होता. दुसरी हरली, तेव्हा कोच वाईट होता. तिसरी हरली, तेव्हा दोष द्यायला कोणी उरलं नाही.

मग नंदूकाका छताकडे बघत म्हणाले, "मागच्या सीझनला हीच टीम होती हो. हाच कोच. नवीन असं काही नाही. म्हणजे, सूनबाई सोडल्या तर..."

"नंदूभाऊजी, चहा घ्या," आई म्हणाल्या.

नंदूकाकांच्या हातात चहा होताच. त्यांनी तो निमूट घेतला.

'पायगुण' हा शब्द कोणी उच्चारला नाही. पण शब्द खोलीत येऊन माझ्या शेजारी बसल्याचं सगळ्यांनाच कळलं. मी माझ्या पायांकडे बघितलं. जोडवी अजून नवीन होती, बोटाला टोचत होती.

*

चौथ्या मॅचला आपण पाचने मागे पडलो तेव्हा ओंकार दारातून म्हणाला, "केतकी, जरा गॅस बंद आहे का बघून येतेस?"

मी आत गेले. गॅस बंद होता. तेवढ्यात बाहेर गलका झाला. आपल्या पोरांनी त्यांचा मुख्य रेडर घोट्यात धरून आडवा केला होता.

मी परत येऊन बसले. दोन चढाया फुकट गेल्या.

"गॅसचा वास येतोय का गं?" बाबा हळूच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आतच राहिले आणि टीम जिंकली. पुढच्या मॅचला सुरुवातीलाच ओंकारने माझ्याकडे बघितलं, आणि मी न सांगता उठले. कोणी वाईट वागत नव्हतं. उलट नंदूकाका खास माझ्यासाठी बाकरवडी आणायचे आणि आत आणून द्यायचे. पण मला त्या खोलीत बसायचं होतं. सोफा नको, सतरंजी चालली असती. 'आता मिळेल' म्हणाले होते ना, ती टीम बाहेर होती आणि मी ओट्याशी.

ओट्यावर फोन उभा करून मी मॅच लावायची. फोनवर सगळं टीव्हीपेक्षा थोडं मागून दिसतं. त्यामुळे आधी बाहेर आरोळी व्हायची आणि मग माझा रेडर चढाईला निघायचा. तो बिचारा जीव तोडून दम घालायचा, आणि मला माहीत असायचं की काय होणार आहे. आपला धरला जाणार असेल, तर बाहेर आधीच शांतता.

*

अशाच एका संध्याकाळी अकोल्याहून माझ्या बाबांचा फोन आला.

"काऊन वं, आवाज बारीक काऊन आहे?"

"काही नाही. मॅच चालू आहे."

"मंग बाहेर बसून पाह्य नं. तू कुठी आहेस?"

"किचनमध्ये. गॅस बघायला आले."

ते एकदम गंभीर झाले. "सिलिंडर गळते का?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "तसं नाही, पण बघत असतो आम्ही."

त्यांनी लगेच ओंकारला फोन केला. जावईबापू, गॅसशी खेळ नको, उद्याच्या उद्या माणूस बोलवा. सासऱ्यांचा शब्द. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने रेग्युलेटर बघितला, नळी बघितली, साबणाचं पाणी लावून बघितलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "ठणठणीत आहे. कोणाला वाटलं गळतंय?"

ओंकारने बाबांकडे बघितलं. शेवटी बाबा म्हणाले, "सारखं बघावं लागत होतं."

"कधी?"

"मॅचच्या वेळी," आई म्हणाल्या, आणि बाबांकडे अशा बघत राहिल्या की त्यांनी गुडघा चोळायला घेतला.

*

मध्येच कॉलेजची स्पर्धा आली. मॅच कॉलेजच्याच ग्राउंडवर, लीगसारखी मॅटवर नव्हे, तांबड्या मातीत. रविवार होता, मी पण गेले. मैदानाला दार नव्हतं, गॅस नव्हता, मला पाठवायला जागाच नव्हती.

टीम जिंकली. दुसऱ्या मॅचलाही मी होते, तीही जिंकली. नंदूकाका विचारात पडले. येताना उसाचा रस पिता पिता त्यांनी निकाल दिला.

"सुधाकर, माझ्या लक्षात आलं. सूनबाईंचा पाय मातीवर चांगला आहे. मॅटवर नाही."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "पण फायनल मातीवरच होती. लग्नाच्या दिवशीची. ती हरलो."

"ती धरत नाहीत," नंदूकाका म्हणाले. "मॅच सकाळी. माप ओलांडलं संध्याकाळी. तोवर सूनबाई टेक्निकली अकोल्याच्या."

बाबांनी यावर खरोखर विचार केला. मला तेवढ्यात सांगावंसं वाटलं की मग आमच्या हॉलमध्ये मॅट कुठे आहे, फरशी आहे. पण रसवाल्याने "अजून कोणाला?" विचारलं आणि मी हात वर केला.

*

साखळीतली शेवटची मॅच बालेवाडीला होती. जिंकलो तर पुढे, हरलो तर सीझन संपला. नंदूकाका तिकिटं घेऊन आले आणि टेबलावर मांडली. चार होती.

कोणीच मोजली नाहीत, कारण सगळ्यांना दिसत होती. ओंकार म्हणाला, "अजून एक मिळतं का बघतो मी." नंदूकाका म्हणाले, "हाउसफुल्ल आहे रे." आणि दोघंही फोनमध्ये बघायला लागले.

आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी येत नाही," म्हणाल्या. "मला तो गोंगाट सोसत नाही."

हे ऐकून खालच्या मजल्यावरचे लोकसुद्धा हसले असते. आईंची "धर त्याला" ही आरोळी रस्त्यावर ऐकू जाते.

"अहो आई, तुम्ही जा," मी म्हटलं. "मी बघीन घरी."

"मला मेथी निवडायची आहे," आई म्हणाल्या, आणि एक तिकीट उचलून माझ्या हातात दिलं. नंदूकाकांनी तोंड उघडलं. आईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी ते मिटलं.

जिने चढून आम्ही आमच्या जागांवर बसलो. कडेला ओंकार, मग मी, मग बाबा, मग नंदूकाका. मॅच अशी झाली की बरोबरी, एक पुढे, एक मागे, परत बरोबरी. इतक्या वर दम घालणाऱ्याचा आवाज येत नाही, पण खालचं सगळं स्टेडियम त्याच्याबरोबर श्वास धरून बसतं. मी पहिल्यांदाच आरोळी आणि चढाई एकाच वेळी बघत होते.

शेवटच्या मिनिटांत आपण मागे पडलो. एक पॉइंट, मग दोन. नंदूकाका मॅटकडे बघेनासे झाले. ते माझ्याकडेही बघत नव्हते, समोरच्या खांबाकडे बघत होते, फार निग्रहाने. ओंकारने माझा हात धरला आणि सोडला. त्याने तोंड उघडायच्या आधीच मी ठरवलं.

"मी पाणी घेऊन येते," म्हटलं, आणि उठले.

खाली आपला रेडर मांडीवर थाप मारून निघाला होता. बाबांची नजर त्याच्यावरून हलली नाही. माझ्या ओढणीचं टोक मात्र त्यांच्या मुठीत होतं.

"खाली बस," ते म्हणाले. "मागच्यांना दिसत नाहीये."

मी बसले.

तीन पॉइंटनी हरलो. रेडरचा हात मधल्या रेषेपर्यंत पोचता पोचता राहिला. आम्ही तसेच बसून राहिलो. खालची गर्दी पांगली, दिवे एकेक कमी व्हायला लागले, नंदूकाकांनी दोनदा नाक शिंकरलं. मग बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "चला."

निघताना मी जागेवर काही राहिलं का बघायला मागे वळले. आमची रांग शेवटची होती. मागे भिंत होती.