वस्तूआधी मूल पाहणाऱ्या सुनंदा मॅडम

सुनंदा मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत, यावर माझा पटकन विश्वास बसला नाही. माझ्या नजरेसमोर त्या अजून राणीसावरगावच्या आमच्या शाळेत, आठवीच्या वर्गाच्या दारात उभ्या आहेत. मी गणित शिकवत होतो. "सर, मी विशेष शिक्षिका. शिवलीलासाठी आलेय. आज मागच्या बाकावर बसू का?" एवढेच त्या म्हणाल्या आणि शाळा सुटेपर्यंत तेथेच बसून राहिल्या.

शिवलीला ही गावातले किराणा दुकानदार बसवराज अप्पा यांची मुलगी. मेंदूच्या पक्षाघातामुळे तिला चालायला आणि बोलायला वेळ लागे. पेन धरले की हात भलतीकडेच जाई. तोंडी गणिते ती चटकन सोडवायची, पण पेपर कोरा राहायचा. हे वर्ष संपले की तिची शाळा बंद करायची, असे अप्पांनी जवळजवळ ठरवले होते.

"मॅडम, कोन्ता टॅब घेऊ तेवढं सांगा," अप्पा त्या संध्याकाळी म्हणाले. "लय हाल व्हायलेत पोरीचे. त्यानं बी न्हाई जमलं तर घरीच बसू द्या तिला."

"अप्पा, वस्तूचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या आणि शिवलीलाकडे वळल्या. "शाळेत तुला काय करायचंय?"

सवयीप्रमाणे अप्पा आणि मीच तिच्या वतीने उत्तर देऊ लागलो. मॅडमांनी हातानेच आम्हाला थांबवले आणि त्या वाट पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने शिवलीला म्हणाली, "माझा पेपर... मला... लिहायचाय."



मॅडमांनी दिवसभर काय पाहिले, ते दुसऱ्या दिवशी कळले. बाकावर शिवलीलाचे पाय अधांतरी लोंबत होते आणि तोल सांभाळण्यातच तिची सगळी ताकद जात होती. त्यांनी पायांखाली लाकडी पाट ठेवायला लावला, कोपर टेकतील इतके टेबल उंच केले. हात पूर्वीपेक्षा स्थिर झाले. मग एकेक साधन तिच्या हाती देऊन पाहिले. जाड मुठीच्या पेनाने ती लवकर थकली. टॅबच्या काचेवर बोट घसरून भलतीच अक्षरे उमटत. शेवटी कीबोर्डवर प्रत्येक अक्षरापाशी भोक असलेली प्लास्टिकची पाटी बसवली. भोकात बोट टेकवूनच अक्षर दाबायचे, त्यामुळे चुका कमी झाल्या.

दरम्यान तालुक्याच्या एका बैठकीत एका अधिकाऱ्याने सुचवले की एक व्हीलचेअर शिल्लक आहे, ती या मुलीला देऊन टाकावी. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, ती चालते. खुर्ची दिली तर चालायची थांबेल. तिला लिहायचंय."

सारे लगेच सुरळीत झाले असे नाही. पहिल्या चाचणीत तिचा निम्मा पेपर राहिला. अप्पा पुन्हा म्हणाले, "बस झालं आता." मॅडम तालुक्याच्या गावाहून, गंगाखेडहून, एसटीने परत आल्या, पुन्हा वर्गात बसल्या. दुपारच्या जेवणानंतर तिचे हात दमतात, हे त्यांनी हेरले. चाचणी नेमकी दुपारी होती. मग मुख्याध्यापकांशी बोलून त्यांनी तिच्यासाठी सकाळची वेळ आणि जादा अवधी मिळवला. आकृत्यांपुरता लेखनिक ठरला.

सहामाहीचा तिचा पेपर मीच तपासला. एक गणित चुकले होते, तेही वर्गातल्या इतरांचे चुकले तसेच. ती चूकसुद्धा तिची स्वतःची होती, याचा मला कोण आनंद झाला. बाहेर पायरीवर बसलेल्या अप्पांना मी पेपर दाखवला. त्यांनी उपरण्याने तोंड पुसले आणि म्हणाले, "आता झोप लागंल मला." आमच्या सगळ्यांच्याच मनावरचे ओझे उतरले. आज शिवलीला गंगाखेडच्या महाविद्यालयात जाते.

मॅडमांचा जिव्हाळा शाळेपुरता नव्हता. माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा त्या भेटायला आल्या. एका हाताने जेवताना आईचे ताट सरकत होते. मॅडमांनी ताटाखाली ओला रुमाल घातला आणि गप्पा चालू ठेवल्या. त्या दिवसापासून आई आपल्या हाताने जेवू लागली.

मॅडमांच्या हाताखाली शिकलेल्या शिक्षिका आता पोखर्णीपासून गंगाखेडपर्यंतच्या शाळांतून फिरतात आणि मुलांजवळ बसून पाहतात. म्हणून मॅडमांनी आता निर्धास्त असावे. त्यांना पुष्कळ आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, आणि दुपारची ती झोप, जी त्यांनी इतकी वर्षे कधी घेतलीच नाही, ती त्यांना आता रोज मिळो.