कुरुंद्याची चोपण आणि कोकणी सल्ला

रत्नागिरीहून तीन गाड्या बदलून वसमतला उतरलो तेव्हा माझी मान ताठ होती. निम्मी प्रवासाने अवघडून, निम्मी अभिमानाने. माझी मुलगी मुक्ता कुरुंद्याला दिली आहे. गेल्या वर्षी तिने फोनवर सांगितलं, की कॅनॉललगतची त्यांची दीड एकर जमीन चोपण झाली आहे (क्षार साठून बिघडली आहे). ओली असली की चिखल, वाळली की दगड. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. पुढचं ऐकून न घेताच सांगून टाकलं, "चुना टाका." आमच्याकडे आंबट मातीला चुनाच टाकतात. आता माझ्या कर्तृत्वाची पाहणी करायला मी निघालो होतो.

स्टँडवर मुक्ताचे सासरे किसनराव आले होते. गावात शिरताच हळद शिजवल्याचा उग्र वास आला. रस्त्याकडेला, अंगणात, गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे हळद वाळत होती.

"आपली चोपण काय म्हणते?" मी विचारलं.

"झकास हाय, इवाई (व्याही). आदी जेवून घ्या."

पुरणपोळी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या पिठाची), वर तुपाची धार. जेवून उठवेना, म्हणून पाहणी राहिली. दुसऱ्या दिवशी किसनराव म्हणाले, "पयले नरसीला दर्शन करून येऊ." त्यात दिवस गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विहीर दाखवली, केळी दाखवली, शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टरसुद्धा दाखवला. केवढा हा मान, असं मला वाटत राहिलं. चोपण सोडून सगळं दाखवतायत, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकटाच कॅनॉलकडे गेलो. एका वावरात मेंढपाळ बसला होता. मेंढ्या बसवायची इकडे रीत आहे. रात्रभर कळप वावरात ठेवला की लेंडीखत आपोआप पडतं. बांधापलीकडे राखाडी, भेगाळलेला, गवताची काडीही नसलेला तुकडा होता.

"तिथे का नाही बसवल्या मेंढ्या?"

"त्या तुकड्यात? खळं होनार हाय तिथं, हळद वाळवायला. सिमेंटचं. आदी जरा तरी बरं व्हतं. मंग त्यांच्या सुनंच्या बापानं चुना टाकाय लावला. कोनी मास्तर हाय म्हने कोकनातला."

"मग?"

"शाना असंल तो. पर जमीन कुठं त्याच्या शाळंत शिकली?"

मी मास्तर नसल्यासारखा हसलो आणि तिथून सटकलो.

घरी मुक्ताला गाठलं. तिने कपाटातून माती तपासणीचा कागद काढला. इथल्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर. त्या मातीला हवं होतं जिप्सम, शेणखत, पाण्याला वाट काढणारा चर आणि पावसाळ्यात खत म्हणून ताग पेरून तो फुलायच्या आत जमिनीत गाडणं. "दोन-तीन वर्षांत सुधारेल, बाबा. पण मामा (सासरे) म्हणतात, एकदा तुझ्या बाबांचं ऐकलं, बस झालं. पुढच्या आठवड्यात सिमेंट येतंय." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना मी घास खाली ठेवला. "इवाई, माती न बघता मी बोललो. चूक माझी. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी पोरगी दिली आमाला," किसनराव म्हणाले. "तुमाला कसं म्हनावं, चुकलं म्हनून?"

या माणसाने माझा मान राखायला दीड एकर चुना पसरला होता आणि वर वर्षभर 'झकास' म्हणत होता. मला भरून आलं.

"तिने माती तपासून आणलीय. माझ्या चुकीची शिक्षा तिला नको."

जेवण उरकून त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "सूनबाई, खळ्याचं औंदा राहू दे. तुजा कागद आन इकडं."

दोन दिवसांनी जिप्समची पोती आली. मीही प्रायश्चित्त म्हणून कुदळ घेतली आणि तासभर घाम गाळून पाच हात चर खणला. किसनराव कमरेवर हात ठेवून बघत होते.

"इवाई, चुकलं तुमचं. पानी वर चढत न्हाई आमच्याकडं."

मी उताराच्या उलट दिशेला खणत होतो. सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मुक्ता. अख्ख्या मुक्कामात मला इतकं घरच्यासारखं वाटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ती वसमतला आली नाही. गाडीतून फोन केला, तर म्हणाली, "बाबा, मागून बोलते. शेणखत टाकून राहिलोय आमी." आणि ठेवलाच. किती टाकायचं, कसं टाकायचं, काही म्हणजे काही विचारलं नाही. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.