ओहोटीची मेंढरं

मोहोळ तालुक्यातल्या गोजाबाईनं साठीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तिच्या लेखी सीना नदी, आणि तीही वर्षातले आठ महिने नुसती वाळू. नवरा येडू गेल्यापासून ती एकटीच एक्केचाळीस मेंढरं राखायची. पण चरायला माळ उरला नाही. जिकडं जावं तिकडं ऊस आणि तारेची कुंपणं. गुडघेही कुरकुरायला लागले. तेवढ्यात मुलाला, मल्हारला, कोकणात केळशेत बंदरावर बर्फाच्या कारखान्यात काम लागलं. राहायला खोलीही मिळाली.

मग गोजाबाईनं सगळा कळप मोहोळच्या बाजारात एका व्यापाऱ्याला देऊन टाकला. कळपाच्या पुढं चालणारी काळतोंडी मेंढी काही केल्या ट्रकात चढेना. व्यापाऱ्याची माणसं काठ्या घेऊन पुढं झाली, तसं गोजाबाईला बघवेना. तिनं स्वतःच हाळी दिली, "हुर्र्याऽऽ!" काळतोंडी मुकाट चढली, तिच्यामागं बाकीची चढली. ट्रक कुठं जाणार, हे गोजाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

केळशेतातली खोली चाळीच्या शेवटाला होती. मागचं दार उघडलं की थेट वाळू. मल्हार कारखान्यात जायचा, सून सोनाली धक्क्यावर मासळी निवडायला. पाच वर्षांची नात उत्कर्षा आणि गोजाबाई दिवसभर घरी. इथली हवा तिला मानवेना. घोंगडं कितीही वाळवलं तरी ओलसरच राहायचं, आणि भाकरी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ओहोटी लागली होती. गोजाबाई मागच्या दारात बसली होती. ओल्या वाळूवर लांब काळे ठिपके दिसले. खडक असतील, असं तिला वाटलं. मग खडक हलले. वाऱ्याबरोबर गळ्यात बांधायच्या घुंगुरघाटीचा बारीक आवाज आला.

मेंढरं होती. खाली माना घालून चरत होती, आणि तिथं गवताची काडीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओहोटी जरा उशिरा लागली. मेंढरंही तेवढ्याच उशिरा दिसली. गोजाबाईनं धीर करून मोजली. एक्केचाळीस. भरती आली तशी ती पाण्याकडं तोंड करून आत चालत गेली. एकही मागं वळली नाही.

गोजाबाईचं जेवण तुटलं.

"आये, हितलं पाणी सोसंना व्हय?" मल्हारनं विचारलं.

"सोसतंय की," ती म्हणाली, आणि ताट सरकवलं.

शेजारच्या चंद्राबाय खारविणीला मात्र न सांगता कळलं. सुकट पसरता पसरता ती म्हणाली, "ओहोटीला लांब बघत बसू नको, बाय. ज्याच्या मनाला जे टोचतं, ते त्याला इथं दिसतं. मला माझा दीर दिसायचा. बघितलंस तर बघितलंस. पण हाक मारू नको. हाक मारली की ते जवळ येतं."

गोजाबाईनं मागचं दार लावून घेतलं. चार दिवस ते लावलेलंच राहिलं.

पाचव्या दिवशी ती चुलीशी होती, तेव्हा उत्कर्षाचा आवाज आला, "आज्जी, काळ्या तोंडाची मेंढी माझ्याकडं बघतीया!"

गोजाबाईनं हातातली भाकरी तव्यावरच टाकली. म्हणजे पोरीलाही दिसत होतं. ती बाहेर धावली. दार सताड उघडं, आणि पोर वाळूवरून कळपाकडं पळत सुटलेली. भरती लागली होती. मेंढरं पाण्याकडं वळली होती आणि पोर त्यांच्या मागोमाग चालली होती.

"उत्कर्षा! माघारी फिर!"

पोरीनं ऐकलं नाही. पाणी तिच्या घोट्याला लागलं. गुडघे साथ देईनात. गोजाबाई दोनदा पडली. मग चंद्राबायचं सांगणं बाजूला सारून तिनं पोटातून हाळी दिली.

"हुर्र्याऽऽ!"

सगळा कळप एकदम थांबला. काळतोंडी वळली, तिच्यामागं बाकीची वळली, आणि त्यांच्या गराड्यात पोरही वळली. मेंढरं जवळ आली. त्यांच्या खुरांचा एकही ठसा वाळूत उमटत नव्हता. गोजाबाईला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आयुष्यभर जो वास तिच्या लुगड्याला होता, लोकरीचा, लेंड्यांचा, तो येत नव्हता. कसलाच वास येत नव्हता. काळतोंडीनं तिच्या तळव्यात तोंड खुपसलं. तोंड बर्फासारखं गार होतं.

पळून जावं, असं तिला वाटलं. पण तिनं हात मागं घेतला नाही.

"मीच चढवलं तुमाला," ती म्हणाली. "ट्रक कुटं जातुया, ते ठावं हुतं मला. तरी हाळी दिली."

मेंढरं नुसती उभी राहिली. गोजाबाईनं पोरीला कमरेवर घेतलं आणि घराकडं चालायला लागली. पाठीमागं घाट्या वाजत होत्या. तिनं वळून पाहिलं नाही. उंबरा ओलांडून तिनं कडी लावली, तेव्हा आवाज दाराला लागूनच होता. बऱ्याच वेळानं तो थांबला.

संध्याकाळी सोनाली आली, तेव्हा गोजाबाईनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. सून वेड्यात काढील, ही तिची भीती. सोनालीनं हातातला डबा खाली ठेवला.

"आत्या," ती हळू म्हणाली, "धक्क्यावर मला पण ऐकू येत्यात त्या घाट्या. आठ दिस झालं. तुमाला सांगितलं तर तुमी खचाल, म्हणून गप हुते."

रात्री कामावरून आलेल्या मल्हारनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, गावाकडं परत जाऊ. गोजाबाईनं मान हलवली. "तितं काय हाय आता? आन् हे तितं येनार न्हाय कशावरनं?"

ते राहिले. सोनालीनं धक्का सोडला आणि कोळंबी सोलायचं काम घरी आणलं. गोजाबाईही शिकली. सुरुवातीला काटे बोटांत घुसायचे, आता ती सुनेपेक्षा झपाट्यानं सोलते. ओहोटी लागली की दोघी उत्कर्षाला मधे बसवतात आणि गावाकडच्या लग्नांच्या, भांडणांच्या गोष्टी मोठमोठ्यानं सांगत बसतात. एखादी बोलता बोलता गप्प झाली, तर दुसरी आवाज आणखी चढवते.