घोगऱ्या गळ्याचं गाणं

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणारी ताई स्वतः गाणी रचून मोबाइलवर रेकॉर्ड करायची. गाण्यावर शेवटचा हात फिरवायला, म्हणजे मास्टरिंग करून घ्यायला, ती एका स्टुडिओत गेली. स्टुडिओवाल्याने अर्धं कडवं ऐकून हेडफोन काढले.

"गळा घोगरा आहे, बाई. यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही."

ताईने घरी येऊन आपोआप मास्टरिंग करणाऱ्या एका वेबसाइटवर तेच गाणं चढवलं. पाच मिनिटांत ते परत आलं. आता ठेका दणदणत होता आणि तिचा गळा त्याखाली पार दबला होता.

"आता कसं बाजारातल्या गाण्यासारखं वाजतंय," नवरा खूश होऊन म्हणाला.

"बाजारातल्यासारखंच वाजतंय. माझ्यासारखं नाही."

तिने ठेक्याचा जोर कमी करून गाणं पुन्हा पाठवलं, मग पुन्हा. सातव्या खेपेला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला, आणि गळाही तिचाच राहिला. तेच गाणं तिने इंटरनेटवर टाकलं. खाली लिहिलं, "आवाज घोगरा आहे. मुद्दाम तसाच ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या टेबलाशी बायकांनी ते तीनदा लावायला लावलं. चौथ्यांदा त्या सगळ्या तिच्याबरोबर गात होत्या.